चामराजपेटची बघून येणारी स्कूटर

जुनी म्हणाल तर मी जुनीच आहे, मित्रांनो. माझा निळा रंग आता नेमका कोणता ते सांगता येत नाही. डाव्या अंगाला पत्रा चेपला आहे आणि हॉर्न थंडीत घसा बसल्यासारखा वाजतो. तरी मी एक स्कूटर आहे, आणि साधीसुधी नाही, हे अभिमानाने सांगते. बेंगळुरूच्या चामराजपेटात आणि आसपास कितीतरी म्हातारी माणसं मला नावानं नाही, कामानं ओळखतात.

कारखान्यातला माझा जन्म मला फारसा आठवत नाही. पट्ट्यावरून सरकताना कोणी चाक बसवलं, कोणी दिवा बसवला, आणि शेवटी एका माणसाने मला किक मारून कान देऊन ऐकलं. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला. मग मी म्हैसूर रोडवरच्या एका दुकानात काचेआड उभी राहिले.

तिथून मला उल्काक्कांनी घरी आणलं. त्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होत्या. मूळचे निपाणीचे हे लोक, दोन पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अक्कांनी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर त्या आणि धाकटी बहीण नीलिमा अशा दोघीच राहत होत्या. अक्का चाळिशी ओलांडल्यावर गाडी चालवायला शिकल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दूधवाल्याच्या कट्ट्यावर चढवलं. माझ्या डाव्या अंगाचा तो चेपलेला पत्रा तेव्हाचा. त्यांनी तो कधी सरळ करून घेतला नाही. "असू दे," त्या म्हणायच्या, "चालवायला शिकले त्याची खूण आहे."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मला नीलिमामुळे मिळालं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागू लागलं. रिक्षावाले जवळचं भाडं म्हणून नाही म्हणायचे. मग अक्का मला काढायच्या. जाताना नीलिमा गप्पा मारायची, सिग्नलला थांबलो की शेजारच्या बसमधल्या बायकांच्या साड्यांवर शेरे मारायची. परतताना मात्र तिला ग्लानी यायची. अक्का एका ओढणीने तिला स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायच्या आणि मला इतक्या हळू चालवायच्या, की सायकलवाले पुढे निघून जायचे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला तेव्हा पाठ झाला. ते ओझं मी कधी एकदाही हिसका देऊन नेलं नाही. याचा मला अजून अभिमान वाटतो.

नीलिमा गेली. त्याच वर्षी अक्का निवृत्त झाल्या. मला व्हरांड्यात खिडकीखाली लावून त्यांनी वर ताडपत्री टाकली. कितीतरी दिवस ती कोणी उचललीच नाही. टायरमधली हवा गेली, सीटखाली उंदरानं घर केलं. वाईट वाटायचं, पण राग नव्हता. अक्का तरी कुठं बाहेर पडत होत्या?

घरात फक्त फोनचा आवाज असायचा. अक्कांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या फोन स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. मार्च महिन्यात एक नवा आवाज रोज येऊ लागला. आवाज गोड, अदबशीर, कधी कन्नड तर कधी हिंदी बोलणारा. गरीब मुलांना फुकट डायलिसिस देणारी आमची संस्था आहे, असं तो सांगायचा. संस्थेचं नाव एका चांगल्या, नावाजलेल्या संस्थेसारखंच होतं, फक्त एक शब्द इकडचा तिकडे. त्याने फोटो पाठवले. नळ्या लावलेली लहान मुलं. अक्का ते फोटो बघत किती वेळ बसून राहिल्या.

त्यांनी आधी पाच हजार पाठवले. दोनच दिवसांत तो म्हणाला, "अम्मा, तुमच्या बहिणीच्या नावानं एक अख्खं मशीन बसवू. वर नावाची पाटी लावू. पाच लाखांत होतंय. आणि सगळा टॅक्स वाचतो, शंभर टक्के. फक्त एकतीस मार्चच्या आत पाहिजे."

पाच लाख म्हणजे अक्कांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा होता. पण नीलिमाच्या नावाची पाटी हे शब्द ऐकल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. देवासमोर बसून त्या नीलिमाशी बोलल्यासारखं पुटपुटत होत्या, ते मी ऐकलं. बँकेतली ठेव मोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

फक्त एक गोष्ट होती. अक्कांनी पार्सल ऑफिसात सारी नोकरी काढली. खोकं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी कधी पावती फाडली नव्हती. ती सवय सुटणार कशी?

"पैसे देते की," त्या फोनवर म्हणाल्या. "पण पाटी कुठं लावणार ती भिंत एकदा बगून येते."

तो घाईघाईने म्हणाला, "अम्मा, बाहेरच्यांना आत सोडत नाही. मुलांना इन्फेक्शन होतं."

"आत कशाला येते मी? दारातनं बगते."

"अम्मा, एवढ्या लांब कशाला त्रास? इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. मी व्हिडिओ पाठवतो ना."

"नीलिमाला मी चार वर्षं नेलं-आणलं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "मला लांब-बिंब काही वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्यावरची ताडपत्री निघाली. मेकॅनिकने उंदराचं घर काढलं, तेल बदललं, चाकांत हवा भरली. मी पहिल्यांदा खोकले, मग सुरू झाले. अक्कांनी माझ्या हँडलवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारा तो उंच रस्ता तुम्हाला माहीत असेल. त्यावर आम्हां दुचाकींना मज्जाव आहे. आम्ही खालून गेलो, सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीतून, बसच्या धुरातून. इतक्या दिवसांनी चालताना माझी चाकं कुरकुरत होती, पण मी एकदाही बंद पडले नाही.

पाच हजारांच्या पावतीवर छापलेला पत्ता सापडला. तिथे भाड्याच्या फ्लॅटची एक उंच इमारत होती. खाली बंद शटरची दोन दुकानं, शेजारी मोबाईलच्या कव्हरांचा ठेला. दवाखाना नाही, पाटी नाही, मुलं नाहीत. गेटवरचा रखवालदार शिवकुमार उठून आला.

"डायलिसिस?" तो म्हणाला. "इथं तसलं काही नाही अम्मा. पण विचारत येतात लोक. ते बघा, ते अण्णा सकाळपासून बसलेत. चहा पण नको म्हणतात."

बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर फोन. त्यांचं नाव योगीराज. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मूळचे बेळगावकडचे. अक्कांच्या तोंडचा मराठी शब्द ऐकला आणि त्यांनी मान वर केली.

"तुम्हीपण दिलात?" त्यांनी विचारलं.

"थोडे दिले. जास्त द्यायचे होते. तुम्ही?"

"तीन लाख. काल सकाळी. बायकोच्या नावानं." ते जमिनीकडे बघत होते. "रात्रीपासून त्यांचा फोन लागत नाही. मी म्हटलं, बंद पडला असेल. येऊन बघावं."

अक्का त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. 

"पोलिसांत सांगितलंत?"

"नको. मुलगा पुण्याला आहे. त्याला कळलं तर म्हणेल, बाबांचं डोकं चालत नाही. फोन काढून घेईल, बँकेचं काढून घेईल. जन्मभर मुलांना शिकवलं मी अक्का. कुणाला तोंड दाखवू?"

"चोरी त्यानं केली आणि तोंड तुम्ही लपवणार?" अक्का म्हणाल्या. "तुम्ही बायकोच्या आठवणीनं दिलंत. त्यात लाजण्यासारखं काय आहे? उठा. काल सकाळचं म्हणजे अजून वेळ गेलेली नाही."

त्यांनी तिथूनच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन लावला आणि तो योगीराजांच्या हातात दिला. ते आधी अडखळत बोलले, मग मास्तरांसारखे नीट, मुद्देसूद बोलले. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं ठरलं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. माझ्या हुकाला एक लाल हेल्मेट अडकवलेलं होतं. नीलिमाचं. ती गेल्यापासून कुणी ते डोक्यावर घातलं नव्हतं. अक्कांनी ते काढलं, पदराने पुसलं आणि योगीराजांना दिलं.

"बसेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पट्टा स्वल्प सैल करा."

मित्रांनो, त्या दिवशी मी दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन पोलीस ठाण्याच्या आवारात शिरले तेव्हा माझा हॉर्न खरखरीत वाजला. पण मला तो तुतारीसारखा वाटला.

योगीराजांचे पैसे ज्या खात्यात गेले होते, त्यातले बरेचसे तिथेच गोठवले गेले. काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने ते त्यांना परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच, आणि अक्कांचे पाच हजारही गेले. एक दिवस उशीर झाला असता तर सगळेच गेले असते, असं ठाण्यातले साहेब म्हणाले. योगीराजांनी मुलाला स्वतःच फोन करून सांगितलं. मुलगा रागावला नाही. तो रडला, असं योगीराज नंतर अक्कांना सांगत होते.

अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर अश्लेषा भाड्याने राहायची. ती पुण्याची सीए, इंदिरानगरच्या एका ऑफिसात कामाला. ठाण्यात जाऊन आलो त्यानंतरच्याच रविवारी ती व्हरांड्यात माझ्या सीटवरच बसली आणि पुढ्यात खुर्च्या टाकून बसलेल्या अक्कांना आणि योगीराजांना समजावू लागली.

"मावशी, शंभर टक्के टॅक्स वाचेल म्हणाला ना, तिथेच ओळखायचं. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीचा अर्धाच भाग वजा होतो, आणि त्यालाही वरची मर्यादा असते. शिवाय ते फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, म्हणजे कर मोजायच्या जुन्या पद्धतीत. तुम्ही नव्या रिजीममध्ये आहात. तिथे तुमच्या पेन्शनवर तसाही टॅक्स बसत नाही, आणि देणगीची सूटही नाही."

"म्हणजे मी पाच लाख दिले असते तरी एक पैसा वाचला नसता?"

"एक पैसाही नाही."

"आणि माझं?" योगीराजांनी विचारलं.

"काका, तुमचं दुकानांचं भाडं येतं, त्यावर कर्जाचं व्याज आहे, बाकीच्या वजावटी मोठ्या आहेत. तुम्हाला जुनी रिजीम परवडते. तुम्ही दिलंत तर सूट मिळेल. पण रोख देऊ नका, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सूट नाही. चेकनं किंवा संस्थेच्याच नावाच्या खात्यावर द्या, कुणा माणसाच्या नावावर नाही. संस्थेची नोंदणी इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर बघता येते, मी दाखवते. आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं सर्टिफिकेट मागून घ्यायचं."

अक्का विचारात पडल्या. "मग मी देऊच नको म्हणतेस?"

अश्लेषा सीटवरून उतरली. "तसं नाही मावशी. टॅक्ससाठी देऊ नका, द्यायचंय म्हणून द्या. आणि ठेव मोडून नको. उद्या तुम्हाला दवाखाना लागला तर? व्याजातून दर वर्षी थोडं द्या. म्हणजे तुम्ही असेपर्यंत नीलिमामावशीच्या नावानं काहीतरी चालू राहील."

हे शेवटचं वाक्य अक्कांना पटलं. त्या नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही खरी संस्था शोधायला निघालो. चामराजपेटातच, मार्केटच्या मागे एका गल्लीत एक लहानसं डायलिसिस केंद्र सापडलं. जिन्याला रंग नव्हता, पण दार उघडं होतं. तिथल्या प्रमुख नर्स अमृता यांनी दोघांना आत बसवलं, मशीनं दाखवली, वर्षाचा जमाखर्च समोर ठेवला. अक्कांनी लगेच चेकबुक काढलं.

"आज नको," अमृता म्हणाल्या. "दोन-तीनदा येऊन जा. पेशंटांशी बोला. मग वाटलं तर द्या."

अक्का खाली आल्या आणि माझ्या आरशात बघून पदर सारखा करत योगीराजांना म्हणाल्या, "घाई करत नाहीत. हे खरं दिसतंय."

त्या तीनदा गेल्या. मगच पहिला चेक दिला. योगीराजांनीही परत आलेल्या पैशांतून बायकोच्या नावाने दिला. पाटी कुणीच मागितली नाही.

ही गोष्ट जवळच्या उद्यानात फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींत पसरली, आणि माझ्या आयुष्याचा सगळ्यात मानाचा काळ सुरू झाला. कुणाला अनाथाश्रमाचा फोन आला, कुणाला गोशाळेचा, कुणाला अंध शाळेचा, की ते अक्कांकडे यायचे. "अक्का, स्कूटर काढता का?" एवढंच विचारायचे. अक्का पुढे, योगीराज मागे, आणि मी खाली. शहरात कुठे कुठे गेलो आम्ही. कधी पत्त्यावर नुसता मोकळा प्लॉट निघायचा. एकदा चकचकीत ऑफिस निघालं, थंडगार, कॉफी वगैरे. पण मुलं कुठं आहेत म्हटल्यावर तिथल्या माणसाने विषय बदलला. आणि एकदा आम्हीच चुकलो. एका मोडक्या फाटकाच्या वृद्धाश्रमापाशी अक्कांनी मला बंदही केलं नाही, "चला परत," म्हणाल्या. योगीराजच उतरले. आत बारा-पंधरा आजी स्वच्छ गाद्यांवर बसून शेंगा सोलत होत्या. तो आश्रम चालवणाऱ्या बाईंनी नोंदणीचं कधी मनावरच घेतलं नव्हतं. तिथे दिलं तर करात सूट नाही हे कळूनही अक्का तिथे दर महिन्याला तांदूळ नेऊ लागल्या. पोतं माझ्यावर पुढे, पाय ठेवायच्या जागी ठेवायच्या. नोंदणीची कागदपत्रं अश्लेषाने त्या बाईंना नंतर करून दिली.

माझ्या जन्माला पंधरा वर्षं होऊन गेली होती. आरटीओत तपासणी होऊन माझी नोंदणी नव्याने झाली तेव्हा योगीराजांनी मला झेंडूची माळ घातली. रस्त्यातून जाणारे लोक बघत होते. मीही जरा ताठच उभी राहिले.

मग अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुचाकी बंद सांगितली. एक दलाल घरी आला, माझ्याभोवती फिरला आणि पत्र्यावर टिचकी मारून म्हणाला, "भंगारच्या भावात जाईल अम्मा." अक्कांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

डायलिसिस केंद्रात यल्लव्वा नावाची एक कार्यकर्ती आहे. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा एक पाय बारीक आहे. पेशंटांच्या घरी इंजेक्शनं पोचवायची, कोण आलं नाही याची चौकशी करायची, हे तिचं काम. ती सगळं बसने आणि पायी करायची. अक्कांनी मला तिला द्यायचं ठरवलं.

अश्लेषा हसली. "मावशी, वस्तू दिली तर टॅक्समध्ये काहीच मिळत नाही बरं का."

"मला काय मिळायचंय?" अक्का म्हणाल्या. "मला पाहिजे तेवढं हिनं दिलंय."

मित्रांनो, माणसं माझ्याविषयी खूप काही बोलली असतील, पण याहून मोठं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

मला मागे दोन जादा चाकं बसवली, आरटीओच्या पुस्तकात तशी नोंद झाली. आता मी पडत नाही. यल्लव्वाला सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. पहिल्या दिवशी ती केंद्राच्या गल्लीत नुसत्याच फेऱ्या मारत राहिली, आणि अमृता जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. आता मी रोज मार्केटपासून गुड्डदहळ्ळीपर्यंत जाते. कधी मागे एखादा पेशंट असतो, ग्लानीत डोकं टेकून बसलेला. यल्लव्वाही मला हळू चालवते. खड्डे मला अजून पाठ आहेत.

उल्काक्का महिन्यातून एकदा रिक्षाने केंद्रात येतात. आधी मशीनं बघतात, मग पेशंटांशी बोलतात, आणि निघताना वाकून माझ्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघतात. देऊन झालं की विसरायचं, हे त्यांना जमत नाही.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील. त्यांच्या मनात कुणाला तरी द्यायचं असतं, आणि गोड आवाजाची माणसं नेमकं तेच हेरतात. ते फसले तर त्यांच्यावर हसू नका, फोन काढून घेऊ नका. त्यांना देऊ नका असंही म्हणू नका, कारण दिल्याने माणूस किती ताठ चालतो ते मी पाहिलं आहे. फक्त चप्पल घाला, त्यांचा हात धरा आणि म्हणा, चला, आधी बघून येऊ. गाडी नसेल तर चामराजपेटात येऊन मला मागा. पण सकाळी नाही. सकाळी मला काम असतं.